मागची डावी सीट

१

गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर माऊ वाफ घेत होती.

पडद्यावर बॅटरी एकतीस टक्के दाखवत होती. पुलाचा चढ लागला आणि त्या एकतीसचं एकदम शून्य झालं. मधला एकही आकडा दिसला नाही. जिना न उतरता कुणी गच्चीवरून खाली उडी घ्यावी, तसं. आवाज म्हणाल तर काहीच नाही. विजेच्या गाडीचं हेच वाईट, मरताना ती साधं कण्हतही नाही.

गाडी गेली तशी गाडीतल्या प्लगची वीज गेली आणि प्लगला लावलेलं वाफेचं मशीन गप्प झालं. मास्कच्या आतून माऊ म्हणाली, "आई, माऊ आली."

पोरगी तान्ही असताना तिच्या छातीतून मांजरासारखी गुरगुर यायची. बापाने कौतुकाने नाव ठेवलं, माऊ. ती गुरगुर म्हणजे दमा, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाव घरभर झालं होतं. आता अडीच वर्षांची माऊ दम लागला की स्वतःच सांगायची, माऊ आली म्हणून. ते ऐकलं की आई हातातलं काम टाकून धावायची. श्वास मोजणं हे तिचं श्वास घेण्याइतकंच सवयीचं झालं होतं. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, झोपेतसुद्धा तिचा एक कान पोरीच्या छातीला लावलेला असायचा.

ती खाली उतरली. माऊची सीट मागे उजवीकडे होती, म्हणजे नेमकी धावत्या रहदारीच्या बाजूला. दार उघडायला जावं तर अंगावरून ट्रक जात होते. डाव्या बाजूने आत शिरून तिने पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, पण मध्ये पिशव्या, मशीन, वायरी. हात पोचेना.

तेवढ्यात एका पाण्याच्या टँकरवाल्याने आपला टँकर मागे आडवा घातला. सगळा पूल हॉर्न वाजवायला लागला. तो खिडकीतून शांतपणे म्हणाला, "वाजवू द्या त्यांना. तुम्ही आधी पोर काढा, गाडीचं मग बघू."

पेट्रोल-डिझेलचा धूर पोरीला सोसत नाही म्हणून घेतलेली ती गाडी पुलावर सोडून, डिझेलचा धूर ओकणाऱ्या टँकरमध्ये बसून मायलेकी हॉस्पिटलात पोचल्या. दैवाला विनोद सुचतो तो असा.

माऊची धाप तासाभराने उतरली. नर्सने विचारलं, "रोजचं औषध किती देता?"

"एक चमचा. त्याचं मापाचं टोपण हरवलंय."

"चमच्यावर जाऊ नका. कुणाच्या घरचा चमचा केवढा, काय भरवसा? टोपणानेच मोजायचं."

टोपण हरवलं होतं ते गाडी बघायला गेले त्या दिवशी. कंपनीच्याच शोरूममध्ये, कंपनीनेच तपासून शिक्का मारलेल्या जुन्या गाड्या. एक पांढरी त्यांनी चालवून पाहिली. त्या फेरीत मागच्या डाव्या सीटवर माऊने गुलाबी औषध सांडलं. आईने ओढणीने गुपचूप पुसून टाकलं आणि विक्रेत्याला काही बोलली नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, बाटली आहे, टोपण नाही. गाडी ताब्यात आली तेव्हा तिने सीटच्या फटी चाचपून पाहिल्या होत्या. नव्हतं. साफ करणाऱ्यांनी टाकून दिलं असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

संध्याकाळी त्यांना न्यायला मोठी जाऊ आली. तिचीही गाडी पांढरी, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच आठवड्यात घेतलेली. थोरल्या भाऊजींची कंपनीत ओळख होती, त्यांनीच दोन्ही गाड्या एकदम ठरवल्या होत्या. "आमच्या गाडीबरोबर घेतली म्हणून तुमची एवढ्यात पडली," हे वाक्य महिनाभरात इतक्यांदा ऐकून झालं होतं की माऊसुद्धा ते म्हणून दाखवू शकली असती.

"आमची बाई काही कुरकुर नाही करत," जाऊ गाडी चालवता चालवता म्हणाली. "तुम्ही चार्जिंग नीट करत नसाल."

ती मागे माऊला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे श्वास मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. "मॅडम, गाडी पूर्ण तपासली. गाडीत दोष काहीच नाही."

२

"दोष नाही म्हणजे?"

वर्कशॉपची प्रमुख एक तरुण इंजिनिअर होती. हसायचं तिला कुणी शिकवलं नसावं, किंवा नोकरीने विसरायला लावलं असावं. "बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर सुस्थितीत असली की आम्ही प्रमाणपत्र देतो. तुमची वर आहे. थोडीशीच, पण वर."

"काठावर पास."

"काठावर पास हाही पासच. बॅटरीतला एक भाग कमजोर आहे. चढावर जोर पडला की बसतो. वॉरंटीत बदलून मिळेल, पण भाग यायला वेळ लागेल."

"आणि तोवर पोरीला माऊ आली तर?"

इंजिनिअरला अर्थातच ते कळलं नाही. तिने पडद्यावरची रेघ दाखवली. "घरच्या प्लगवर हळूहळू भरलेली बॅटरी म्हातारी होते. ही म्हातारी नाही, दमलेली आहे. हिला दिवसातून दोन-दोनदा घाईघाईने, फास्ट चार्जरवर भरलंय. तुम्ही तसं करता?"

"आम्ही घरी लावतो. आणि महिनाभरात एवढं दमवायला आम्ही जातो कुठे?"

"मग आधीच्या मालकाने केलं असेल."

"आधीच्या मालकीण डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. वयस्कर. घर ते दवाखाना, एकट्या. तुमच्याच माणसाने सांगितलंय."

इंजिनिअरने पडदा बंद केला. "आधीच्या मालकाची माहिती आम्हाला देता येत नाही."

गाडीतलं सामान काढून घेते, असं सांगून ती मागच्या दाराने आत शिरली. या गाडीत आजवर ती कायम पुढे, चाकावर. मागे उजवीकडे माऊची सीट, डावीकडे पिशव्यांचा ढिगारा. आज पिशव्या बाहेर काढल्या आणि त्या रिकाम्या जागी ती पहिल्यांदाच टेकली.

बसली ती आत गेली. सीटला खळगा होता.

कॉलेजात तिने रसायनशास्त्र केलं होतं. तिथल्या बाईंनी एक शिकवलं होतं, बाटलीवरची चिठ्ठी शेवटी वाचायची, आधी बाटलीत काय दिसतं ते बघायचं. ती बघायला लागली. ड्रायव्हरशेजारची पुढची सीट कोरी करकरीत. मागची उजवी बरी. मागची डावी मात्र बसून बसून बसकी झालेली. डाव्या मागच्या दाराचं हँडल हाताळून हाताळून गुळगुळीत, उजव्या मागच्या दाराचं खरखरीत. समोरच्या सीटच्या पाठीवर, गुडघ्यासमोर, दोन स्क्रूची भोकं होती, वरून काळं मेण भरून बुजवलेली. पॉलिश झकास मारलं होतं. पॉलिशने डाग जातात, खळगा जात नाही.

एकटी राहणारी डॉक्टरीण आपल्याच गाडीत मागे डावीकडे कशाला बसेल? मागे डावीकडे बसतो तो गाडीचा मालक नसतो. रोज नवा माणूस, त्याच दाराने आत येतो, त्याच खळग्यात बसतो आणि समोरच्या छोट्या पडद्यावर भाडं किती झालं ते बघतो.

"ही भाड्याने फिरलेली गाडी आहे," ती बाहेर येऊन म्हणाली.

इंजिनिअर आपल्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी काही बोलले नाही."

"नाही बोललात, म्हणूनच खात्री झाली."

पण खरा काटा तिला बोचला तो फाटकाशी पोचल्यावर. चालवून पाहिली त्या दिवशी ती माऊशेजारी मागे बसली होती. औषध सांडल्यावर डाव्या सीटवर गुडघा टेकवून तिने तो डाग पुसला होता. तेव्हा सीट चांगली टणक होती, गुडघा खाली जातच नव्हता.

खोटं बोलणारा गाडीविषयी खोटं बोलला नव्हता. डॉक्टरीणबाईंची गाडी खरोखरच होती. फक्त ती ही नव्हती.

३

विक्रेत्याला तिने मनातल्या मनात साखऱ्या नाव दिलं होतं. त्याच्या बोलण्यावर मुंग्या कशा येत नाहीत याचं तिला पहिल्या दिवसापासून नवल होतं.

"या मॅडम, बसा. बाळ कसं आहे? कॉफी सांगू?"

"बाळ जिवंत आहे. मी चालवून पाहिली ती गाडी कुठाय?"

साखऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र दाराकडे गेले. "तुमच्याकडेच की."

"मी पाहिली तिची मागची सीट दगडासारखी होती. मला दिली तिच्या सीटमध्ये पाणी घातलं तर तळं होईल. दोन गाड्या होत्या ना? एकाच रंगाच्या."

"मॅडम, कंपनीचं प्रमाणपत्र दोन्हींना आहे. वॉरंटी दोन्हींना. प्रमाणपत्रावर, बिलावर, सगळीकडे तुमच्याच गाडीचा नंबर आहे. सही तुमच्या मिस्टरांची आहे. खोटं काही नाही."

हेच तर तिला छळत होतं. कागद सगळे खरे होते. नवरा कुठल्याही कागदावर न वाचता सही करायचा. घरी आलेल्या कुरिअरवाल्याने मृत्युपत्र पुढे केलं असतं तरी त्याने पेन मागितलं असतं. आणि गाडीचा नंबर पाठ करून शोरूममध्ये जातं कोण? आपण रंग बघतो, सीट बघतो, आणि दाखवली तीच देतील असं धरून चालतो.

"मग डॉक्टरीणबाईंची मला दाखवलीत कशाला?"

"तेव्हा तीच ठरली होती," साखऱ्या म्हणाला आणि म्हणून चुकला.

ती थांबली. घाई केली की माऊ औषध थुंकते, हे ती अनुभवाने शिकली होती. तोंड आपोआप उघडेपर्यंत चमचा नुसता धरून ठेवायचा.

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला यात काय मिळालं असेल, याचा मी रात्रभर विचार केला. काहीच नाही. दोन्ही गाड्या तुम्हीच विकल्यात, त्याच आठवड्यात. कुठली कुणाला गेली यानं तुमचं काय बिघडतं? वर्कशॉपचंही काही बिघडत नाही. म्हणजे तुमच्यावर राग काढण्यात अर्थ नाही."

साखऱ्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. माणूस सुटकेच्या भरात सर्वांत जास्त बोलतो. "तेच तर मी म्हणतो मॅडम. आम्ही कशाला करू? कुठली कुणी घ्यायची ते तर गिऱ्हाइकांनी आपसांत ठरवलं."

"गिऱ्हाइकांनी?"

"म्हणजे..."

"आपसांत?"

"फोन येतोय माझा," साखऱ्या म्हणाला आणि आत गेला.

फोन टेबलावरच पडला होता. मुका.

४

आपसांत ठरवायला आपसांतली माणसं लागतात.

घरी पोचेपर्यंत तिने तीनदा तो विचार झटकला आणि तीनदा तो परत येऊन बसला. नवऱ्याला तिने एवढंच विचारलं, "गाडी ठरवताना शेवटचं बोलणं कुणी केलं होतं?"

तो माऊला भरवत होता. "दादानेच. मी फक्त सही केली. का गं?"

"काही नाही. उद्या त्यांच्याकडे जाऊ या. माऊचा स्वेटर राहिलाय त्यांच्या गाडीत."

"वहिनी आणून देईल की."

"आपणच जाऊ."

स्वेटर कपाटात होता.

थोरल्या भाऊजींचं घर सहाव्या मजल्यावर. दिवाणखाना असा की तिथे बसताना आपलेच पाय आपल्याला नकोसे व्हावेत. भाऊजी बांधकामाचे ठेकेदार. त्यांच्या ओळखीने नवऱ्याला पहिली नोकरी लागली होती, त्यांच्या ओळखीने घर भाड्याने मिळालं होतं. या घरात उपकार कुणी मोजून दाखवायचं नाही. सोफ्यावर आपल्याशेजारी येऊन बसायचे ते.

"काय म्हणते गाडी?" भाऊजींनी विचारलं.

"वर्कशॉपमध्ये आहे."

"होतं असं. जुनी वस्तू आहे, सवय लागते."

"आमची तर साइटवर जाऊन आली तरी प्लग मागत नाही," जाऊ पाणी ठेवत म्हणाली. "वापरली होती कुणी? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. घर ते दवाखाना. बाईमाणसाच्या हातची वस्तू वेगळीच राहते."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

तिने जावेकडे पाहिलं. एवढं उघड, एवढं निर्धास्त कुणी बोललं म्हणजे एक तर निगरगट्ट असणार, नाहीतर काही ठाऊक नसणार. ताकाला जाऊन भांडं कुणी असं नाचवत नाही.

"वहिनी, माऊचा स्वेटर परवा तुमच्या गाडीत राहिला बहुतेक. खाली येता?"

पार्किंगमध्ये जावेने गाडी उघडली. "मला तर दिसला नाही हं काही."

ती मागच्या डाव्या सीटवर गुडघा टेकवून वाकली. गुडघा वरच राहिला. बाळाची सीट अडकवायच्या लोखंडी कड्या या गाडीत खूप आत होत्या. चालवून पाहायच्या दिवशी त्या शोधताना नवऱ्याची बोटं सोलून निघाली होती. तिने त्याच फटीत हात घातला. मनगटापर्यंत. कडी लागली. कडीच्या मागे, जिथे झाडूही पोचत नाही आणि व्हॅक्यूमची नळीही, तिथे तिच्या बोटांना काहीतरी गोल लागलं. हलकं. कडेने चिकट.

"सापडला?" जावेने विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली.

५

मापाचं टोपण तिने भाऊजींसमोर काचेच्या टेबलावर ठेवलं. तळाशी गुलाबी औषध वाळून खडा झालेलं होतं. आतल्या रेघा तेवढ्या स्पष्ट दिसत होत्या.

"माऊचं आहे," ती म्हणाली. "गाडी चालवून पाहिली त्या दिवशी हरवलं होतं. तुमच्या गाडीत निघालं. माऊ परवा त्या गाडीत बसली होती, पण माझ्या मांडीवर, आणि टोपण हरवलंय हे त्याआधीच मी नर्सला सांगितलं होतं. हे दोन-तीन दिवसांत वाळलेलं नाही."

माऊ गालिच्यावर बसून उशीची झालर ओढत होती.

"मग?" भाऊजी म्हणाले. "पोलीस बोलावायचे? दोन्ही गाड्या कंपनीच्या शिक्क्याच्या. तू शिकलेली आहेस, कागद वाचून बघ."

"कागद खरे आहेत. म्हणूनच मी कंपनीत भांडत बसले नाही, इथे आले."

"हे बघ. मला साइटवर लांब जावं लागतं. रोज. तुमचं काय, घर, बाजार आणि हॉस्पिटल. तेवढ्याला ती गाडी चालत होती. एका घरातली दोन माणसं, ज्याची गरज मोठी त्याला चांगली वस्तू. यात चोरी कुठे आली?"

"हॉस्पिटल पुलाच्या पलीकडे आहे, भाऊजी. पुलाला चढ आहे."

"ते मला काय स्वप्नात दिसणार?"

"थांबा जरा," जाऊ म्हणाली. ती अजून दारातच उभी होती, गाडीची किल्ली हातात. "तुम्ही मला सांगितलंत, धाकटीला ही पसंत नाही. सीट टणक वाटली, तिनेच दुसरी मागितली. असंच सांगितलंत ना?"

भाऊजींनी रिमोट उचलला आणि बंद टीव्हीकडे बघत परत ठेवला.

"मी महिनाभर हिला टोमणे मारतेय. आमची कुरकुर करत नाही, तुम्ही चार्जिंग नीट करत नाही. पुलावर पोर अडकलं त्या दिवशीसुद्धा मारला." जावेचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या तोंडून वदवून घेतलंत सगळं."

तेव्हा नवरा उठला. कधी नव्हे ते थोरल्या भावासमोर ताठ उभा राहिला. "दादा, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस."

तिला बरं वाटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य या खोलीत उच्चारलं गेलं होतं. तिने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग, सवयीने, भाऊजींकडे.

भाऊजी धाकट्या भावाकडे टक लावून बघत होते. त्यांचं तोंड काहीतरी म्हणायला उघडलं. मग ते किंचित हसले, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून, आणि गप्प बसले. कुणाचं ऐकून घेणारा हा माणूस नव्हे. त्याने ऐकून घेतलं.

ते हसू तिला नीट लागलं नाही. घशात बी अडकावी तसं राहिलं.

जावेने किल्ली टोपणाशेजारी ठेवली. "घेऊन जा. कागदांचं काय करायचं ते यांना करू दे. मला नको ती गाडी. सीट टणक आहे."

६

खाली नवऱ्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला होता. तो शीळ घालत होता. बाळाची सीट वर्कशॉपमधून सामानाबरोबर आली होती, येताना माऊसाठी त्याने ती टॅक्सीत लावली होती आणि उतरल्यावर पार्किंगमध्ये ठेवली होती. ती उचलून तो डॉक्टरीणबाईंच्या गाडीकडे निघाला.

"सुटलो बाबा एकदाचे. तू म्हणजे खरी गुप्तहेर. दादाची बोलती बंद केलीस." त्याने मागचं डावं दार उघडलं आणि सीट आत सरकवली. "इथेच लावू ना? फुटपाथच्या बाजूला. तुला बरं वाटतं."

ती माऊला कडेवर घेऊन उभी होती. घशातली बी तेव्हा खाली उतरली.

"त्या गाडीत उजवीकडे लावली होतीस," ती म्हणाली.

"हं?"

"गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी. मी डावीकडे म्हणत होते. तू म्हणालास, या वेळी उजवीकडे लावू, तुझ्यामागे बसेल, चालवताना तुला ती जवळ वाटेल."

"असेल. आठवत नाही."

"मला आठवतंय. मला ते फार आवडलं होतं." माऊ तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती. "तू ते म्हणालास तेव्हा गाडीवर शोरूमचं लाल कापड होतं. दार उघडायचं होतं. आपण दोघांनी गाडी अजून पाहिली नव्हती."

तो कड्या शोधत फटीत हात घालून तसाच राहिला.

"डावी सीट बसकी आहे, तिच्यावर बाळाची सीट हलेल, हे कापडाखालून कसं दिसलं तुला?"

पार्किंगमध्ये वरच्या पाइपातून पाणी टपकत होतं. माऊ त्याच्याकडे बघून "टप, टप" म्हणाली.

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा अपराध्याचा नव्हता, थकलेल्याचा होता. तेच तिला जास्त लागलं. "दादाने आदल्या दिवशी नेऊन दाखवली. म्हणाला, तुम्हाला लांब कुठे जायचंय. मला पण पटलं. खरंच पटलं गं. सीट तेवढी वाईट होती, म्हणून मी विचार करून उजवीकडे लावली. माऊला त्रास नको म्हणून."

"रहदारीच्या बाजूला."

"पुलावर बंद पडेल असं कुणाला वाटलं होतं? दादाला नाही कसं म्हणू मी? आजवर सगळं त्यानेच..."

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने बोटांकडे पाहिलं. पुन्हा सोलली होती. "तू नाही म्हणाली असतीस."

आपलेच दात, आपलेच ओठ. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. साखऱ्याला बोलतं करताना, इंजिनिअरचं मौन वाचताना, फटीत हात घालताना तिला जे बळ चढलं होतं, ते सगळं कुणीतरी प्लग काढल्यासारखं गेलं. एकतीसवरून थेट शून्य.

"हो बाजूला," ती म्हणाली.

माऊला तिने त्याच्याकडे दिलं नाही, शेजारी उभं केलं. स्वतः वाकून कड्या शोधल्या. खोल होत्या, बोटं तिचीही सोलली. दोन्ही कुलुपं लागल्याचे आवाज आले तेव्हा तिने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. माऊला बसवून पट्टा लावला.

तो पुढे, तिच्याशेजारी बसायला आला. तिने ती सीट माऊच्या औषधा-कपड्यांच्या पिशव्यांनी भरली होती. दार धरून तो जरा वेळ उभा राहिला, मग निमूट मागे माऊपलीकडे जाऊन बसला, उजवीकडे.

"आता झालं ना?" थोड्या वेळाने मागून तो म्हणाला. "चांगली गाडी मिळाली. विषय संपला. आणि यापुढे काही लपवणार नाही, शपथ."

गाडी आवाज न करता उतारावरून रस्त्याला लागली. तिने आरसा खाली वळवला. डावीकडे माऊ झोपायला आली होती, तोंड उघडं, श्वास स्वच्छ. उजवीकडे तो बोलत होता. वर्कशॉपला फोन करीन, कागद बदलून घेईन, दादाशी नीट बोलेन.

ती ऐकत होती. अगदी तशीच, जशी माऊची छाती ऐकायची. शब्दांकडे लक्ष न देता, आवाज कुठे बदलतो तेवढंच पकडत.